फाटक्या कडेची पत्रं

दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली पत्रं वाचायचं काम बीदरजवळच्या कोळारला येईल, असं मला बी.ए.ला असताना कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आलं. त्याआधी मी तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवत होते, म्हणून मला त्या कामाची किंमत जरा जास्तच कळली.

हळ्ळीखेडच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केलं. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. अप्पांनी शेतात राबून शिकवलं हे खरं. पण हुमनाबादच्या बसमध्ये दांडीला लोंबकळत पाठांतर मी केलं, हेही खरं. गावातली माणसं विचारायची, "इंग्लिश शिकून काय करणार गं तू?" लेबलं चिकटवायला दहावी पुरायची. पुढं त्याच गोदामाच्या वरच्या मजल्यावर टायपिंगचं केंद्र निघालं आणि मी तिथं लागले. तिथं विम्याचे फॉर्म संगणकात भरायचे. त्यालाही इंग्रजी वाङ्मय लागत नव्हतं, बोटं तेवढी लागत होती. मग तेही आटलं. फॉर्म आता मशीनच वाचायला लागलं.

केंद्राच्या म्याडम बसवकल्याणच्या. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि काम पुरवणाऱ्या हैदराबादच्या कंपनीशी फोनवर दखनी, अशा तीन जिभा त्यांना होत्या. आणि रागावल्या की तिन्ही एकदम चालायच्या. एक दिवस त्यांनी आम्हाला खुर्च्या जवळ ओढायला सांगितलं. आम्ही म्हणजे उरलेले तिघं. मी. दुसरी अक्का, वयानं मोठी, दोन लेकरांची आई, कन्नड शाळेत शिकलेली, टायपिंगला आमच्यात सगळ्यात जलद. तिसरा अण्णा, औरादकडचा, बी.कॉम. झालेला, ज्याचं तोंड बोटांपेक्षा जास्त चालायचं.

"ऐका," म्याडम म्हणाल्या. "अमेरिकेत एक म्हाताऱ्या प्राध्यापक बाई हाईत. त्यांनी एका गावच्या लोकांची जुनी पत्रं जमवलीत. त्यांची इंग्रजांसंगं दुसरी लढाई झाली न्हवं, अठराशे बारात, त्या वक्ताची. व्यापाऱ्यांची, बायकांची, शिपायांची, समद्यांची पत्रं. मशीनला ती वाचता यायली न्हाईत. म्हणून माणसं पायजेत."

"आमी माणसं हाव व्हय? बरं झालं कुणीतरी म्हण्लं," अण्णा बोलला.

आधी नमुन्याचं काम होतं. पत्रांचे फोटो आलेले. एकेक पत्र बघून ते कशाबद्दल आहे ते रकान्यात भरायचं: धंदा, घर, लढाई, आजार, मृत्यू. कागद कुठं फाटलाय, कुठं डाग पडलाय, तेही लिहायचं. नमुना त्या बाईंना पटला, तर पत्रं पूर्ण वाचून उतरवून काढायचं वर्षभराचं काम आमचं.

"आन् न्हाई पटला तर?" अक्कानं विचारलं.

"तर मी शटर खाली घेते. रिकाम्या खुर्च्यांचं भाडं मी कामून भरू?"

म्हणजे मला सरळ दिसत होतं. पटलं तर ज्याच्यासाठी मी शिकले ते काम. नाही पटलं तर जिना उतरून पुन्हा लेबलं. मधलं काहीच नव्हतं.

पहिलं पत्र उघडलं आणि माझी बी.ए.ची ऐट तिथंच थोडी उतरली. अक्षरं सगळी एका अंगाला कललेली, वाऱ्यानं ज्वारी कलते तशी. त्या काळात तिकडं पाकीट नसायचं. कागदच दुमडून, वर लाखेचा ठिपका लावून धाडायचे आणि टपालाचा खर्च घेणाऱ्याच्या अंगावर यायचा. जास्त कागद म्हणजे जास्त खर्च. म्हणून काही जण कागद आडवा लिहून भरला की तोच फिरवून त्याच्यावरच उभा लिहायचे. पुसून नव्हे, वरूनच. बघितलं की डोळ्यासमोर चाळणी धरल्यासारखं व्हायचं. ते एक पत्र लावायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. एका शिपायानं घरी कळवलं होतं की धाकटा भाऊ छावणीत तापानं गेला. गोळी नाही, तलवार नाही, ताप.

तेवढ्यात अक्का संगणकाच्या पडद्याजवळ सरकली.

"अगं बाई. कड फाडलीय बघ."

खरंच, कागदाच्या कडेला घास घेतल्यासारखा तुकडा नव्हता.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण शहरातल्या तरुणांना सांगते. आमच्या गल्लीत पोस्टाचं कार्ड आलं की आधी कोपरे बघायचे. मी चौथीत असल्यापासून गल्लीची पत्रं मीच वाचायची. उमरग्याची, सोलापूरची, पुण्याला कामाला गेलेल्यांची. कोपऱ्याला कुंकू असलं की मला बाजेवर बसवायचे, चहा द्यायचे, मग सावकाश वाचून घ्यायचे. आणि कोपरा फाडलेला असला की ते कार्ड उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बाहेरच उभं राहून वाचायचं. कुणीतरी गेलेलं असायचं. वाचून झालं की तिथंच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. माझं वाचून व्हायच्या आधीच बायका पदर तोंडाला लावायच्या. कारण कोण गेलं तेवढंच त्यांना माझ्याकडून हवं असायचं. बाकीचं त्यांना कोपऱ्यानं सांगितलेलं असायचं. ज्यांना एक अक्षर येत नव्हतं त्यांनाही ते वाचता यायचं.

तर आमच्यापुढं पहिलंच पत्र आलं ते मरणाचं, आणि त्याची कड फाटलेली. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"बघा," मी म्हणाले, "तिकडंबी आपल्यासारखंच हाय."

मला त्याचा इतका आनंद झाला की विचारू नका. तीन वर्षं इंग्रजी शिकून जे मला दिसलं नव्हतं ते एका फाटक्या कडेत दिसलं, असं वाटलं. पुढं मग काम सरसर सुटलं. पत्र उघडायचं, कड बघायची. फाटलेली असली की मृत्यूच्या रकान्यात खूण. दिवस थोडे होते. अक्षर तर लागतच नव्हतं. पहिल्या दोन-तीन ओळी कशाबशा लागायच्या आणि त्या सगळीकडं सारख्याच. मी खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असाल अशी आशा करतो.

"मयताची खबर द्यायच्या आधीबी खुशाली इचारायलेत," अण्णा म्हणाला. "लई रीतीची माणसं दिसतेत."

निम्म्याहून जास्त पत्रांची कड फाटकी निघाली. प्रत्येकाला अक्का हळूच "शिवा, शिवा" म्हणायची.

"समदंच गाव खपलं का काय गा?" अण्णानं विचारलं. "मग ही पत्रं लिवली कुणी?"

हा प्रश्न त्यानं गमतीत विचारला आणि आम्ही हसून सोडून दिला. तिथंच थांबायला हवं होतं. पण लढाई म्हणजे माणसं मरणारच, हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. म्याडमनी पण वरवर बघितलं आणि धाडून दिलं. सोबत मी इंग्रजीतून एक टीप जोडली होती, फाटक्या कडेचा अर्थ समजावून सांगणारी. चांगली चार-पाच वाक्यं. व्याकरण दोनदा तपासलं होतं.

आठवड्यानं म्याडम धावत आल्या. बाईंना आमच्याशी बोलायचंय, समोरासमोर, पडद्यावर. मी ओढणी नीट केली. मनात म्हटलं, माझी टीप आवडली असणार.

पडद्यावर पांढरे केस बारीक कापलेली एक बाई आली. मागं पुस्तकांचे ढीग, हातात कप. तिकडं सकाळ होती. हैदराबादच्या कंपनीतल्या माणसानं आम्हाला जोडून दिलं आणि तो बाजूला झाला. प्राध्यापकबाई सावकाश बोलत होत्या, मला समजावं म्हणून.

"मला मृत्यूंबद्दल विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या यादीप्रमाणे त्या गावातलं जवळजवळ प्रत्येक घर सुतकात आहे. मी इतकी वर्षं ही पत्रं जमवतेय. एवढी मोठी साथ आली असेल तर ती मला कशी दिसली नाही?"

त्यांनी यादीचं पान उलटलं.

"आणि एक व्यापारी आहे. तो तुमच्या यादीत दोनदा मेलाय. मधल्या काळात त्यानं साखर विकलीय."

शेजारी अण्णा पुटपुटला, "आता तिसरा मरायचा मी." म्याडमनी टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती अक्काला लागली.

उत्तर मलाच द्यायचं होतं, कारण टीप माझी. मी सांगितलं. आमच्याकडं पत्र कसं यायचं, कोपरा कसा बघायचे, फाटलेला असला तर उंबऱ्याबाहेर कसं वाचायचे. इंग्रजी अडखळत होतं. उंबऱ्याला इंग्रजी शब्द त्या वेळेला आठवला नाही, म्हणून दार दाखवलं. बाईंनी मध्येच तोडलं नाही. कोपरा कोण फाडतं, लिहिणारा की पोस्टमन, असं विचारलं. लिहिणारा, मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला. आधी एकदा दुमडला, मग उलटा दुमडला, दोन्ही टोकं एकमेकांत सरकवली आणि छोटी पुडी केली. मेणबत्ती पेटवली, लाखेची कांडी धरली आणि जोडावर लाल थेंब पाडला. थेंब गार व्हायला आम्ही सगळे थांबलो. कोळारला खाली ट्रक मागं घेत होते, त्याचा पीं-पीं आवाज त्यांनाही जात असणार. मग त्यांनी ती पुडी पत्र उघडावं तशी ओढून उघडली. लाखेसंगं कागदाचा तुकडा निघून आला. कागद आमच्यासमोर धरला. कडेला घास घेतलेला.

कुणी मेलं नव्हतं. पत्र उघडलं होतं, एवढंच.

"तुमची रीत मला समजली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं सुतकाच्या पत्राला काळी लाख लावायचे. म्हणजे पत्र उघडायच्या आधीच कळावं ही कल्पना तुमची बरोबरच आहे. पण मला एक सांगा. तुम्ही पत्रं वाचली का?"

"पहिलं वाचलं."

"आणि बाकीची?"

"बाकीची बघितली."

"बघणारं मशीन माझ्याकडं आहे," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. पण मला कुणी चारचौघांत उभं करून विचारल्यासारखं झालं. मी म्हणाले, एक संधी द्या. अशी विनंती मी आजवर कुणाला केली नव्हती, गोदामातही नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, आठवडा घ्या. तीच पत्रं. रकाने नकोत. प्रत्येक पत्राखाली एकच वाक्य लिहा: हे पत्र लिहिणाऱ्यानं का लिहिलं? ते वाचून मी ठरवते.

पडदा काळा झाला आणि म्याडमच्या तिन्ही जिभा सुटल्या.

"कोपरा फाटला म्हणून चांगल्या जित्या माणसांना मारलाव तुमी! कुणाला इचारलाव?"

"तुमच्या म्हायेरी फाडत न्हवते व्हय?" अक्का पाय चोळत म्हणाली.

"फाडत होते की!" म्याडम ओरडल्या. "म्हणूनच तर बघूनबी मला काय वाटलं न्हाई!"

आणि त्या स्वतःच हसायला लागल्या. म्हणून आम्हीही हसलो. पण सगळ्यांना आठवडा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पहिलं पत्र पुन्हा अडलं. मी डोळे बारीक करून शब्द शोधत होते. अक्का कंटाळून म्हणाली, "मनात कामून वाचायलीस? मोठ्यानं वाच की. आमालाबी कळूं दे."

मी मोठ्यानं वाचायला लागले. आणि गंमत अशी की जे डोळ्याला लागत नव्हतं ते कानाला लागायला लागलं. ती माणसं पूर्णविराम फारसे देत नसत. बोलल्यासारखं लिहीत सुटायची, दम लागला की थांबायची. मनात वाचलं की गुंता, मोठ्यानं वाचलं की बोलणं. एखादा शब्द पुसलेला असला तरी वाक्य तिथवर आलं की पुढचा शब्द आपोआप तोंडात यायचा, आणि मग बघितलं तर कागदावर तोच. खुर्चीवर बसून मला वाचवेना, म्हणून उभी राहिले. गल्लीत मी असंच वाचायची. फरक एवढाच की आता वाक्यावाक्याला थांबून आपल्या भाषेत सांगायचं आणि दोघं ऐकायचे, टोकायचे.

आधी त्या दोनदा मेलेल्या साखरवाल्याला काढला. तो जिवंत होता आणि वैतागला होता. इंग्रजांची जहाजं बंदराच्या तोंडाशी उभी, माल आत येईना, बाहेर जाईना. साखर दिवसादिवसाला चढत होती. आतल्या गावातल्या भागीदाराला तो बजावत होता, एवढ्यात विकू नका, थांबा. आणि त्याच दमात, ओळही न बदलता, तुमच्याकडं ठेवलेल्या माझ्या लेकीच्या पावलाचं माप दोऱ्यावर घेऊन धाडा, इथं चांभार चांगला आहे.

"लिव, धंदा," अण्णा म्हणाला. "भाव चढायलाय, माल धरून ठेव. साधी गोष्ट हाय."

"बुटासाठी लिवलंय ते," अक्का म्हणाली.

"बुटासाठी कुणी एवढं लिवतंय व्हय?"

"साखरंसाठी लिवायला बसला आन् लेक आठवली. मग पत्र कशाचं?"

दोघं भांडले. मला आमच्याकडच्या अडतीवरचे फोन आठवले. तुरीचा भाव काय, पाऊस झाला का, पोरीचं जमलं का, आणि परत तुरीचा भाव, सगळं एका दमात. त्यातला धंदा कुठला आणि घर कुठलं हे फोन करणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. मी लिहिलं: साखर थांबवावी आणि लेकीच्या पावलाचं माप यावं, म्हणून लिहिलं. दोघांनाही ते पटलं नाही, म्हणून तसंच ठेवलं.

मग एका बाईचं पत्र. दुकान चालवणारी. पिठाची पिंपं किती उरली, कुणाला उधार दिलं नाही, कोण रागावून गेलं. ते आडनावानं "श्रीयुत" म्हणून कुणाला तरी लिहिलेलं, खाली तिची सही पूर्ण नावानिशी. मी म्हणाले, मालकाला लिहिलंय, नोकर आहे ती.

"नवरा हाय तो तिचा," अक्का म्हणाली.

"नवऱ्याला असं लिवतंय व्हय कुणी?"

"मग काय नाव घेऊन लिवंल? तू लगीन कर, मग बोल."

वाचत पुढं गेलो तर खरंच. तो लढाईला गेलेला, दुकान तिच्या गळ्यात. दोन पानं हिशोब सांगून शेवटी तिनं लिहिलं होतं की धाकटा आता रात्री झोपतो. त्यासाठी लिहिलं का हिशोबासाठी? अण्णानं या वेळेला वाद घातला नाही. तो म्हणाला, "हिशेब तर तिला येतोच की. त्याला दाखवायला लिवली, मी संभाळायले म्हणून." मला ते इतकं आवडलं की तसंच इंग्रजीत उतरवलं.

दिवसभरात चार-पाच माणसं उभी राहायची. संध्याकाळी निघताना अण्णा विचारायचा, "आज किती जणांना उठवलाव?" अक्का बोटं मोजायची. खऱ्या मरणाची पत्रं शेवटी अगदी थोडी निघाली, आणि त्यांची लाख काळीच होती. ती मात्र सावकाश वाचली. त्यांत हसण्यासारखं काही नव्हतं.

एक पत्र आम्हाला शेवटपर्यंत लागेना. अक्षर सुंदर, पण त्यात काहीच नव्हतं. एका तरुण शिपायानं आईला लिहिलेलं. पाऊस पडतोय. जेवण ठीक. इथून हलायचं कधी ते माहीत नाही. सांगण्यासारखं काही नाही. तीनदा वाचलं. आजार नाही, पैसे मागितले नाहीत, लढाईचा उल्लेख नाही. मग तळाशी एक ओळ दिसली, घडीत दबलेली: आपल्या गल्लीतला अमुक उद्या तिकडं निघालाय, तो घेऊन जाईल.

मी हसायलाच लागले. आमच्या गावातून सोलापूरकडं गाडी निघाली की लोक असेच धावत येतात. पिशवी दे, भाकरी दे, काहीतरी दे, जाणारा आहे म्हणून दे. मी वाक्य लिहिलं: गावाकडं जाणारं माणूस भेटलं, म्हणून लिहिलं.

अण्णा म्हणाला, "हे वाक्य नापास होतंय बघ."

"होऊं दे," मी म्हणाले. "खरं तेच हाय."

काम धाडलं. मग वाट बघायची, आणि ती मला जमत नाही. खाली चहाला उतरले तर गोदामाचा जुना सुपरवायझर भेटला. चांगला माणूस. म्हणाला, "ये की परत. माल लई आलाय, लेबलं पडून हाईत." मी त्याला हसून "बघू" म्हणाले. मग जिना चढले. लेबलं चिकटवण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, माझं एक वर्ष त्यानं चालवलंय. पण आता मला ती बाई माहीत होती जिनं पिठाची पिंपं सांभाळली. तिच्यापासून परत खोक्यांकडं जाणं मला नको होतं. हे मी कुणाला बोलले नाही, कारण ऐकणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटलं असतं.

दुपारी म्याडम फोन हातात धरून जिना चढत आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी फोन माझ्यापुढं केला. "तूच वाच. मोठ्यानं."

प्राध्यापकबाईंनी लिहिलं होतं की मोठमोठ्या पेढ्यांची पत्रं, स्वच्छ अक्षरातली, भाव आणि मालाची, ती दुसऱ्या गावच्या एका केंद्राला दिली आहेत. तो वाटा मोठा होता. मी वाचता वाचता थांबले. अक्कानं माझ्या दंडाला धरलं.

"पुढं वाच की गं."

पुढं होतं की घरांमधून आलेल्या पेट्या आमच्याकडं येतील. ज्यांत दुकान आणि चूल एकाच कागदावर आहे, आणि जे कुणालाच वेगळं करता आलं नाही. त्या वाचायला अवघड आहेत, हळू होईल, चालेल. वर्षभराचं काम आहे. आणि जाणारं माणूस भेटलं म्हणून लिहिलेलं ते पत्र: त्यावर त्यांनी स्वतःच प्रश्नचिन्ह घालून ठेवलं होतं, ते आता काढलं, असं त्यांनी कळवलं होतं.

अण्णा म्हणाला, "म्हंजे अर्धी भाकर मिळाली."

"अर्धी का होईना, चुलीवरची हाय," म्याडम म्हणाल्या, आणि कुणालातरी चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी आणायला धाडलं. शटरचा विषय त्यानंतर निघाला नाही. भजी खाऊन तेलकट हात पुसून आम्ही लगेच पहिली पेटी उघडली. म्हणजे पेटीचे फोटो. पण आम्ही त्याला पेटीच म्हणतो.

संध्याकाळी बसस्टँडवरून अप्पांना फोन लावला. ते शेतातच होते, मागं विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता.

"अप्पा, काम लागलं. वर्षभराचं."

"कसलं? खोक्याचं?"

"न्हाई. पत्रं वाचायची. इंग्लिश. अमेरिकेतल्या लोकांची."

"त्यांना वाचता येत न्हाई व्हय?"

"येत न्हाई म्हणूनच तर आमाला दिलेत."

अप्पांनी मोटार बंद केली. मग म्हणाले, "वाच बरं एखादं."

दुपारचं पहिलं पत्र माझ्या डोक्यात ताजं होतं. फलाटावर उभ्या उभ्या मी ते आपल्या भाषेत सांगितलं. एक बाई नवऱ्याला लिहिते. तो लढाईला गेलाय. फौजेची माणसं गावात घोडी विकत घ्यायला आलीत, भाव चांगला देतात. आपली घोडी गाभण आहे. नांगरणी तोंडावर आली. विकू का ठेवू, कळव.

"इकू नको म्हणावं," अप्पा लगेच म्हणाले. "गाभण हाय म्हण्लीस न्हवं? आन् नांगरट कशानं करंल ती? भाव आज हाय, उद्या न्हाई. जनावर परत गावत नसतंय."

"अप्पा, दोनशे वर्षं झाली त्याला."

"बरं, झाली. मग इकली का ठिवली?"

"ते अजून कळलं न्हाई. तिची आणखी पत्रं हाईत पेटीत."

"मग उद्या लवकर जा," अप्पा म्हणाले, आणि मोटार परत चालू केली.